ऐझॉलचे २०१६-१७चे आय-लीग विजेतेपद: गोव्याचे संघ खेळले असते तर?

बालेवाडीकर (प्रश्न)

नमस्कार. पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर डीएसके शिवाजीयन्स या फुटबॉल क्लबचे सामने मी नेमाने पाहत असे. २०१५-१६च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातील सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, आमचा संघ नवव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिला आणि मिझोरामचा ऐझॉल एफसी आमच्या एकच पायरी वर होता. परंतु थेट प्रवेश मिळालेल्या संघाला पदावनती लागू नसल्यामुळे आम्ही वाचलो आणि खालच्या विभागात जाण्याची पाळी ऐझॉलवर आली. त्यानंतर गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली, ऐझॉलला पुन्हा बोलावले गेले आणि पुढच्याच हंगामात तोच संघ विजेता ठरला.

आमच्या मित्रमंडळींत हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, "साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो असते तर ऐझॉलला हे जमले नसते." मला हे म्हणणे पटत नाही, पण ते खोडून काढण्याइतका तो हंगाम मी बारकाईने पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

म्हापशाहून

मी गोव्याचा आहे आणि त्या माघारीचे दुःख मला आजही आहे, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करतो. इंडियन सुपर लीगला देशातील सर्वोच्च विभाग करून आय-लीगला खाली ढकलण्याच्या भारतीय फुटबॉल महासंघाच्या योजनेचा निषेध म्हणून २०१६ मध्ये हे तीन क्लब बाहेर पडले. २००६-०७ ते २०१२-१३ असे सलग सात हंगाम राष्ट्रीय विजेतेपद गोव्यातून हलले नव्हते: धेंपोने चार वेळा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरने एकदा ते जिंकले. ज्यांच्या घरी सात वर्षे करंडक नांदला, त्यांनाच दार ओढून घ्यावे लागले, ही गोष्ट आम्हाला फार लागली.

पण "ते असते तर" या युक्तिवादात २०१६ सालचे संघ बाजूला ठेवून जुन्या वैभवाचे संघ मनात धरले जातात. धेंपोची २०१४-१५ मध्ये पदावनती झाली होती. दुसऱ्या विभागात पहिले येऊन त्यांनी परतीचा हक्क नुकताच मिळवला होता. साळगावकरही २०१०-११ मधल्या विजेत्या संघासारखा राहिला नव्हता. २०१६-१७ हंगामातील खरे बलाढ्य संघ, म्हणजे गतविजेता बंगळुरू, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, तिन्ही खेळत होते आणि ऐझॉल त्या तिघांच्याही वर राहिला. शिवाय आमचा चर्चिलही त्या हंगामात होता, हे बहुतेक जण विसरतात.

कूपरेजचा जुना प्रेक्षक

म्हापशाच्या सदस्यांशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या मते मात्र या विजेतेपदाचे बरेचसे उत्तर मुंबईत सापडते.

ऐझॉलचे प्रशिक्षक खालिद जमील त्याआधी सात हंगाम मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. त्या काळात मुंबई एफसी विजेतेपदाच्या शर्यतीत कधी आली नाही, पण तिची पदावनतीही झाली नाही. हाताशी थोडे पैसे आणि मोजके खेळाडू असताना कसे टिकून राहायचे, ही विद्या ते इथेच शिकले. मुंबईच्या कूपरेज मैदानावर मी ती अनेकदा पाहिली आहे. संघ एका गोलने पुढे गेला की बचावफळी आणि मधली फळी एकमेकींच्या इतक्या जवळ येत की समोरच्या संघाला चेंडू दोन्ही बगलांकडेच न्यावा लागे. तिथून आलेला प्रत्येक क्रॉस बचावपटू डोक्याने परतवत राहत. दिसायला तो खेळ सुंदर नव्हता आणि आमच्यातलेच काही जण त्यावर कुरकुरत असत.

२०१६ मध्ये ते मुंबई सोडून ऐझॉलला गेले. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे पूर्वी मुंबई एफसीकडून खेळलेले दोघे तिथे त्यांच्या हाताखाली आले, आणि गोलरक्षक गोव्याचा अल्बिनो गोम्स होता. या तिघांना जोड मिळाली मिझो मुलांच्या वेगाची, सीरियाच्या महमूद अल अमनाच्या पासिंगची आणि मधल्या फळीत लायबेरियाच्या आल्फ्रेड जर्यानची. बचावाची शिस्त जुनीच होती, पण चेंडू हिसकावल्यानंतर पुढे धावणारी माणसे आता मिळाली होती आणि मुंबईत नेमकी तीच नव्हती.

मिझोराममध्ये फुटबॉल अचानक उगवला असेही नाही. २०१४ मध्ये या राज्याने संतोष करंडक ही राज्यसंघांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती आणि मे २०१६ मध्ये ऐझॉल फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता. त्या सामन्यात मोहन बागानने त्यांना ५-० असे हरवले, ही गोष्ट लक्षात ठेवा.

बालेवाडीकर

मनःपूर्वक आभार. पण एक शंका उरते. दहा संघ आणि १८ सामने, एवढ्याशा हंगामात चार-पाच निकाल अनुकूल लागले तरी संघ वर जाऊ शकतो. शेवटच्या टप्प्यात नेमके काय घडले?

कूपरेजचा जुना प्रेक्षक

हंगाम लहान होता, हे मान्य. परंतु निर्णायक सामना थेट प्रतिस्पर्ध्याशीच होता. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर मोहन बागान आला. ८३व्या मिनिटापर्यंत गोल नव्हता. तेव्हा झोहमिंगलियाना राल्टे या बचावपटूने हेडरवर गोल केला आणि ऐझॉलने १-० असा विजय मिळवला. ज्या संघाने ११ महिन्यांपूर्वी पाच गोल चढवले होते, त्याला त्यांनी एकही गोल करू दिला नाही. याला नशीब म्हणायला माझी जीभ वळत नाही.

३० एप्रिलला शेवटची फेरी होती. शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध ऐझॉलला एक गुण पुरेसा होता, पण नवव्याच मिनिटाला दिपांडाने गोल करून लाजाँगला पुढे नेले. तोच त्या हंगामात ११ गोलांसह सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. तिकडे कोलकात्यात बागान चेन्नई सिटीविरुद्ध खेळत होता आणि तो सामना त्याने २-१ असा जिंकला. अखेर ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली, आणि पुढची २०-२५ मिनिटे मी दूरचित्रवाणीसमोर उभा राहूनच पाहिली. ऐझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्य भारतातल्या क्लबाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

म्हापशाहून

एक भर घालतो. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिली आणि हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलूनही तिची पदावनती टळली नाही. तुमचा डीएसकेही त्यानंतर बाहेर पडला. त्यामुळे २०१७-१८च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. आम्हाला आमचे क्लब गेल्याची खंत आहेच. तुमच्याकडे मात्र हे दोन्ही क्लब गेले त्याची चर्चा होत नाही आणि ऐझॉलच्या नशिबाची होते, याचे मला वाईट वाटते.

बालेवाडीकर

आपले म्हणणे मला लागले, पण ते खरे आहे. डीएसकेच्या शेवटच्या हंगामात बालेवाडीला एका संध्याकाळी आमच्या रांगेत मी आणि एक वडील-मुलगा असे तिघेच होतो, आणि त्या मुलाने क्लबचा स्कार्फ उन्हाळ्यातही गळ्यात घातला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाल्याची बातमी वाचली तेव्हा मला तो मुलगा आठवला. आता वरची आकडेवारी मी मित्रांना दाखवणार आहे.