ईस्टरची अंडी स्वयंपाकघरातल्या रंगांनी रंगवायची आहेत, बीट आणि कोबीने दगा दिलाय – मदत हवी आहे

सांडलवंड, गुरुवार रात्र

नमस्कार मंडळी,

रविवारी ईस्टर. भाचा, भाची आणि त्यांची वानरसेना घरात लपवलेली अंडी शोधायला येणार आहेत. अठरा अंडी लागतील. बाटलीतला रंग आणायचा नाही, सगळं स्वयंपाकघरातल्याच वस्तूंनी करायचं, असं मीच छाती ठोकून सांगून बसलेय. आज चार अंड्यांवर प्रयोग केला आणि आता कपाळाला हात लावून बसलेय.

काय केलं ते सांगते. बीट किसून उकळलं, काय सुंदर लालबुंद पाणी झालं! त्या गरम पाण्यातच उकडलेलं अंडं सोडलं. तासाभराने काढलं तर गुलाबी नाहीच, फिक्क्या चहासारखं कळकट काहीतरी. लाल कोबीचं पाणी गडद जांभळं होतं. त्यात रंग पक्का बसावा म्हणून अर्धी वाटी व्हिनेगर ओतलं, तर पाणी एकदम गुलाबी झालं. अंडं मात्र निळसर निघालं! तेही धड नाही. अंगभर पांढरे ठिपके, एका बाजूला रुपयाएवढा गोल पांढरा चट्टा आणि टरफल हाताला खरखरीत, बारीक सँडपेपर असतो ना, तसं. हळदीचा रंग त्यातल्या त्यात चढला, पण वर गाळ बसलाय. पालकाने तर काहीच केलं नाही. अंडं जसं आत गेलं तसंच बाहेर आलं.

माझे प्रश्न: गुलाबी रंग मिळतो तरी का? ठिपके का पडतात? हिरवा कशाने करायचा? आणि ही अंडी नंतर खाता येतात ना? हातात दोनच दिवस आहेत.

---

चिमूटभर

व्हिनेगर कमी पडलं असेल. मी निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर घेते. रंग झटकन चढतो.

---

खटपट्या

चिमूटभर, माफ करा, पण हा सल्ला ऐकला तर सांडलवंडताईंच्या हातात टरफल उरणारच नाही. :)

अंड्याचं टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूचा सख्खा भाऊ. त्यावर आम्ल पडलं की ते विरघळायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. ताई, काचेच्या पेल्यात करून नीट बघा, अंड्याला मोहरीहून बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. जिथे बुडबुडा तिथे रंग पोचत नाही. तेच तुमचे ठिपके. खरखरीतपणाही त्यातलाच. मोठा गोल चट्टा मात्र वेगळा, तिथे अंडं भांड्याला टेकलं असणार. व्हिनेगर हवंच, कारण किंचित आम्ल असलं की रंग टरफलाला धरतो, पण एक कप रंगाला एक मोठा चमचा पुरे. आणि दर पाच-दहा मिनिटांनी अंडं चमच्याने हलकेच फिरवायचं.

कोबीचं कोडं मला फार आवडतं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, पाहिलंय ना? तसाच हा प्रकार. कोबीतलं अँथोसायनिन आम्लात गुलाबी, मधल्या अवस्थेत जांभळं आणि अल्कलीकडे झुकलं की निळं दिसतं. पाण्यात व्हिनेगर आहे म्हणून पाणी गुलाबी. पण टरफलाला टेकल्यावर तिथलं आम्ल कार्बोनेट खाऊन टाकतं, म्हणून अंड्यावर निळा. तेव्हा भांड्यातल्या रंगावर कधीच भरवसा ठेवू नका. तुमचं कोबीचं अंडं फसलेलं नाही, ते निळंच व्हायचं होतं.

बीटचं उलट. त्यातल्या बीटानिनला उष्णता सोसत नाही. जास्त उकळलं, वर गरम पाण्यात अंडं ठेवलं, म्हणून रंग करपला. बीट थोडाच वेळ उकळा, गाळा, पूर्ण गार करा, मग व्हिनेगर, मग अंडी, आणि रात्रभर फ्रिज. तरी गुलाबी फिकाच येतो आणि उजेडात लवकर उडतो, हे आधीच सांगतो.

पालक सोडा. हरितद्रव्य पाण्यात उतरतच नाही.

---

गोगलगाय

दोन दिवस हातात असताना बीटच्या नादी लागूच नका. कांद्याची सालं! कुणीच कसं बोललं नाही अजून?

आठ-दहा कांद्यांची कोरडी सालं, लिटरभर पाणी, अर्धा तास मंद उकळी. याला कोबीसारखी रात्रभर वाट बघावी लागत नाही. गाळून पाणी गार करा, त्यातच कच्ची अंडी ठेवून उकडा, अंडी शिजता शिजता रंगतात. आधी नारिंगी, तसंच ठेवलं तर विटकरी. कांद्याचा रंग उष्णतेला घाबरत नाही, हाच त्याचा मोठेपणा. फक्त भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत तो काळपट पडतो, मी करून बसलेय.

आणि मुलं खूश व्हायला हवी असतील तर कोथिंबिरीचं एक पान पाण्यात भिजवून कच्च्या अंड्यावर चपटं चिकटवा. जुन्या पातळ स्टॉकिंगचा तुकडा वरून ताणून मागे दोऱ्याने घट्ट बांधा आणि त्या कांद्याच्या पाण्यात उकडा. गार झाल्यावर सोडलं की विटकरी अंड्यावर पानाची पांढरी नक्षी. सैल बांधलंत तर रंग पानाखाली शिरतो आणि नुसता धब्बा दिसतो, तेव्हा घट्ट म्हणजे घट्टच.

---

सांडलवंड

वा! खटपट्या, आता डोक्यात प्रकाश पडला. मी उगाच कोबीला शिव्या घातल्या.

एक अडचण लिहायची राहिली. अठरापैकी आठ अंडी तपकिरी आहेत. त्यांच्यावर रंग दिसेल का? हिरव्याचंही कुणी सांगितलं नाही. आणि कोबीसाठी किती पाणी?

---

खटपट्या

तपकिरी अंडी कोबीत टाका, तुमचा हिरवा तयार. निळा आणि खालचा तपकिरी मिळून शेवाळी हिरवा येतो, चांगला दिसतो. मध्यम लाल कोबी अर्धा चिरून, लिटरभर पाण्यात अर्धा तास. गार करून गाळा. पांढरं अंडं अर्ध्या तासात आकाशी होईल, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर गडद निळं.

पोपटी हवा असेल तर पांढरं अंडं आधी हळदीत, वाळलं की वीस मिनिटं कोबीत. मी एकदा उलट क्रमाने केलं होतं तेव्हा नुसते डाग पडले. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून तुमच्याकडे गाळ बसला. पंधरा मिनिटं उकळून पातळ कापडातून गाळा आणि अंडं काढल्यावर गार पाण्यातून एकदा बुचकळा.

---

गोगलगाय

आणि सगळ्यात आधी अंड्यांवरून व्हिनेगरचा बोळा फिरवा. हाताला तेल-तूप असेल तर बोटांचे ठसे तसेच्या तसे उठतात. तेल लावायचंच तर शेवटी, पूर्ण वाळल्यावर, थेंबभर. मस्त चकाकतात.

---

उंबरठा

खाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रंग खाण्याच्याच वस्तूंचे आहेत, त्यांची काळजी नाही. काळजी अंड्याची घ्या. उकडताना टरफलावरचा संरक्षक थर जातो, त्यामुळे उकडलेलं अंडं कच्च्यापेक्षा लवकर खराब होतं. फ्रिजबाहेर एकूण दोन तासांच्या वर राहिलेलं खाऊ नका, आणि फ्रिजमधलं आठवड्याच्या आत संपवा. लपवाछपवीच्या खेळात हे दोन तास कसे जातात कळत नाही! सोफ्याखाली संध्याकाळी सापडलेलं सरळ टाकायचं. तडा गेलेली अंडीही आधीच बाजूला काढा. लपवलेली मोजून ठेवा, नाहीतर अठरावं अंडं पंधरा दिवसांनी वासावरून सापडेल.

आत निळा-गुलाबी डाग दिसला तर घाबरू नका, तो बारीक तड्यातून झिरपलेला रंग. बलकाभोवती हिरवट कडं दिसलं तर तेही रंगाचं नाही. अंडं जास्त उकडलं की बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक मिळून ते होतं.

---

चिमूटभर

खटपट्या, तुमचं वाचून आत्ता पेल्यात करून बघितलं. बुडबुडे आहेत खरे. इतकी वर्षं मला वाटायचं अंडीच वाईट येतात. :(

---

सांडलवंड, रविवार दुपार

अपडेट द्यायला आलेय, कारण असे धागे वाचताना पुढे काय झालं तेच कुणी लिहीत नाही.

सतरा जमली, एक फुटलं. कोबीची रात्रभर ठेवलेली सहा पांढरी अंडी इतकी निळी झाली की भाचीला ती रंगाच्या डबीतलीच वाटली. पहिलं अंडं मात्र मी घाईने फडक्याने पुसलं आणि सगळा निळा फडक्यावर! ओलं असताना तो रंग सायीसारखा सुटून येतो. मग बाकीची न पुसता जाळीवर ठेवली, तासाभरात वाळली. तपकिरी आठही कोबीतच टाकली. सात शेवाळी झाली, आठवं तेच ते फुटलेलं. बीटचं हट्टाने एकच केलं, गार पाण्यात, रात्रभर. गुलाबी आहे. गुलाबी म्हणा असं सांगावं लागतं, पण आहे.

खरी मजा कांद्याच्या तीन अंड्यांनी आणली. दोन पानं नीट उठली, एकात तर देठाजवळची शीरसुद्धा दिसतेय. तिसरं सैल बांधलं गेलं, त्यावर ढगासारखा डाग आहे. भाच्याने नेमकं तेच उचललं, म्हणे हा डायनासोर आहे.

मोजून लपवली होती. सतरा लपवली, सोळा सापडली. दोन तास होऊन गेलेत. शोध चालू आहे.

---

उंबरठा

पडद्यामागे बघितलंत का?

---

सांडलवंड

बुटात होतं. टाकून दिलं.