क्लबहाउसची लाइट आणि गणपतीची आगगाडी

देशपांडे काकू ए-२०१: काल पुन्हा क्लबहाउसची लाइट गेली. भजनाची प्रॅक्टिस अर्धवट राहिली. गणपतीच्या देखाव्यातली ती खेळण्यातली आगगाडी बंद करा, नाहीतर आम्हाला दुसरी जागा द्या. 🙏

गोखले बी-१०४: काकू, खंडाळ्याच्या घाटाचा देखावा मीटिंगमध्ये सगळ्यांनी ठरवलाय. गाडी माझी म्हणून बोलणी मीच खायची का?

कुलकर्णी खजिनदार: गाडीच्या नवीन ट्रान्सफॉर्मरचे पैसे कोणत्या हेडखाली टाकायचे?

समीर सी-४०२: डेक्कन क्वीन सव्वासातला सुटते. आपली कधी सुटणार ते सांगा 😂

नेने काका बी-३०२: मी आत्ताच खाली जाऊन बघून आलो. गाडीने एमसीबी (जास्त भार आला की लाइट तोडणारं बटण) पडलेलं नाही. गाडीचा ट्रान्सफॉर्मर अख्खा ३० व्हीएचा, म्हणजे साधारण ३० वॉटचा, २३० व्होल्टवर त्याने काय पडणार? त्याच लाइनवर ५००चे दोन हॅलोजन आणि २००० वॉटची इंडक्शन शेगडी होती. १३ अँपिअर झाले, एमसीबी १०चं. शेगडी कोणाची ते विचारत नाही.

देशपांडे काकू ए-२०१: चहा सगळ्यांनीच प्यायला. तुम्हीसुद्धा.

समीर सी-४०२: 🤐

गोखले बी-१०४: बघा! उगाच गाडीवर आळ.

नेने काका बी-३०२: गोखले, लगेच खूश होऊ नका. ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा, चटका बसतो. गाडीला १६ व्होल्ट जातात; ३० भागिले १६ म्हणजे दोन अँपिअरसुद्धा नाहीत. तुम्ही देखाव्यातल्या घरांमध्ये ५० मिलिअँपचे ४० दिवे लावलेत, ते एकटेच दोन खातात. मग इंजिनाला काय उरलं? म्हणून घाट चढताना ते रडतं.

कुलकर्णी खजिनदार: हेड कोणतं?

जोग वहिनी सी-१०१: माझा भाचा न्यू जर्सीहून शुक्रवारी येतोय. तिथे चांगले ट्रान्सफॉर्मर मिळतात म्हणे, मागवू का?

नेने काका बी-३०२: नको. तिकडचा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. आपल्या प्लगला लावला की धूर. व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाउन लावलात तरी आपल्याकडे ५० हर्ट्झ, त्यामुळे आतला लोखंडी कोअर जास्त तापतो.

पाटील ए-५०३: माझ्याकडे अमेरिकन इंजिन पडलंय, तेही जोडा. घाटात बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन, लागतोच.

गोखले बी-१०४: पाटील, ते १२ व्होल्ट डीसीचं. माझी मार्क्लिन, तीन रुळांचा हिशोब, एसी. या रुळांवर तुमचं इंजिन धावणार नाही.

पाटील ए-५०३: बरं. तुमच्या रुळांवर फक्त तुमचीच गाडी, पार्किंगसारखं.

गोखले बी-१०४: पार्किंगचा विषय इथे नको.

पाटील ए-५०३: इथेच हवा. स्टिल्टखाली तुमची स्कूटर दोन महिने आडवी आहे.

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला 🙏

नेने काका बी-३०२: विषय हा. आत्ताच्या ट्रान्सफॉर्मरवर २२० छापलंय. रात्री आपल्याकडे २४० येतात. गाडीची दिशा बदलताना तो २४ व्होल्टचा झटका देतो, तो मग २६च्या वर जातो. जुनं इंजिन सोसतं. गोखल्यांच्या मुलाने पाठवलेल्या नव्या इंजिनात सर्किट बोर्ड आहे, ते जाईल. शिवाय गाडी रुळावरून घसरली की शॉर्ट होतो आणि या जुन्या पेटीचा कटआउट सावकाश उडतो. तोवर वायर मऊ. नवीन घेताना पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे ना आणि शॉर्ट झाल्या झाल्या तोडतो ना, एवढं बघा. व्हीएचा आकडा मोठा दिसला म्हणून भुलू नका. दिव्यांना वेगळा १२ व्होल्टचा एसएमपीएस (छोटा पॉवर सप्लाय) आणि एलईडी. तो तापकीर गल्लीत मिळेल, स्वस्तात.

कुलकर्णी खजिनदार: म्हणजे आता दोन वस्तू. दोन हेड.

जोग वहिनी सी-१०१: कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात विचारलं का? १९९८पासून चालवतात ते.

नेने काका बी-३०२: ही कामाची सूचना. रविवारी जाऊन येतो.

देशपांडे काकू ए-२०१: तोवर भजनाचं काय?

नेने काका बी-३०२: शेगडी पॅन्ट्रीतल्या पॉवर पॉइंटला लावा. भजनही होईल, चहाही.

देशपांडे काकू ए-२०१: आधीच सांगायचं होतं.

सेक्रेटरी: एसएमपीएस उद्याच आणू. तापकीर गल्लीत कोण येतंय?

समीर सी-४०२: मी येतो. पण बाइकने नाही, तिथे लावायला जागा नसते.

पाटील ए-५०३: गोखल्यांना न्या, ते कुठेही आडवी लावतात.

कुलकर्णी खजिनदार: रिक्षाने जा. बिल सोसायटीच्या नावाने, पक्कं.