फोटोग्राफीचा पहिला वर्ग: जुना डीएसएलआर, काय तयारी करू?

नवशिकी_पुणे: रविवारपासून बेसिक फोटोग्राफीचा वर्ग लावलाय. पहिलं सत्र वर्गात, दुसरं सकाळी सातला मंडईत. भावाचा जुना निकॉन डी5300 आणि 18-55 लेन्स आहे, वापर फक्त ऑटोवर. सेकंडहँड 50 एमएम 1.8डी स्वस्तात मिळतेय, घेऊ का? मॅन्युअल मोड (सगळं स्वतः ठरवायचा) आधी शिकून जावं का?

तिपाई: ती लेन्स नको. या ‘डी’ लेन्समध्ये फोकसची मोटर नसते आणि डी5300च्या बॉडीतही नाही, म्हणजे प्रत्येक वेळी रिंग हाताने फिरवायची. पुढे घ्यायचीच तर एएफ-एस 50 एमएम 1.8जी बघा, तिच्यात मोटर आहे. पण या लहान सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) 50 म्हणजे फुलफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या 75 इतका अरुंद दृश्यकोन, मंडईच्या गल्लीत मागे सरकायला जागा कुठे?

आधी भावाच्या सेटिंग्ज पुसा: हिरवा ठिपका असलेली दोन्ही बटणं एकत्र दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरा. मग व्ह्यूफाइंडरशेजारचं (डोळा लावायच्या खिडकीशेजारचं) डायॉप्टर, म्हणजे नजरेनुसार जुळवायचं चक्र, फिरवून आतले आकडे ठसठशीत दिसतील असं करा. ते दुसऱ्याच्या नजरेला लावलेलं असलं की फोकस बरोबर असूनही सगळं धूसर दिसतं. लेन्सवरचा स्विच ‘ए’वर (ऑटोफोकस) आहे ना, तेही पाहा. कार्डातले जुने फोटो उतरवून मगच कॅमेऱ्यातून फॉरमॅट करा.

उजेडवाला: मॅन्युअलची घाई नको. डायल ‘ए’वर (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा), छिद्र एफ/5.6 (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 400, ऑटो आयएसओ बंद. शटरचं बटण अर्धं दाबून शटरचा वेग वाचा. 55 एमएमला तो 1/100 सेकंदाच्या खाली गेला तर आयएसओ 800, मग 1600 करा. छपराखाली 1600 लागेलच, दाणे थोडे दिसतील, चालतं. हललेला फोटो मात्र नंतर सुधारत नाही.

लेन्सवरचं व्हीआर फक्त हाताची थरथर सावरतं. तराजू उचलणारा हात थांबवायचा तर 1/250 हवं, तिथे व्हीआरचा काही उपयोग नाही.

आणखी एक: 18ला एफ/3.5 मिळतो, झूम करत 55ला गेलात की आकडा आपोआप 5.6 होतो. कॅमेरा बिघडलेला नाही, या लेन्सची मर्यादाच ती. वर्गात हा प्रश्न हमखास निघतो.

मंडईकर: लसणाचा ढीग फ्रेमभर घेतला की तो राखाडी येणार, कारण कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर सगळ्याला मधल्या करड्या छटेत ओढतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +0.7 किंवा +1 द्या. काळपट वांग्यांना उलट, -0.7. मग शून्यावर आणायला विसरू नका, कॅमेरा बंद केला तरी ‘ए’ मोडमध्ये तो आकडा तसाच राहतो.

भवानी व्हायच्या आधी कुणावर कॅमेरा रोखू नका. विचारून घ्या.

नवशिकी_पुणे: 1.8डी रद्द! रॉमध्ये (कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढू की जेपेगमध्ये (तयार फोटो)? ट्रायपॉड न्यावा का?

तिपाई: दोन्ही एकदम: जेपेग वर्गात दाखवायला, रॉ पुढे शिकायला. 32 जीबीचं कार्ड सकाळभर पुरतं. ट्रायपॉड घरीच ठेवा, गर्दीत त्याचे पाय लोकांच्या पायात येतात. त्यापेक्षा दुसरी बॅटरी चार्ज करून न्या, जुन्या बॅटरीचा भरवसा नसतो.