दारू 'सोडली' की 'सुटली'? आणि फ्रीडमला काय म्हणायचं?

मेघना_ठाणे:
एका व्यसनमुक्ती गटाचं पत्रक मराठीत करून देतेय, त्यात 'फ्रीडम' सारखा येतो. 'स्वातंत्र्य' टाकलं तर गटातले एक काका म्हणाले, ताई हे १५ ऑगस्टचं भाषण वाटतंय. 'मुक्ती' लिहिलं तर म्हणाले नको, आम्ही मुक्त वगैरे नाही झालो, आज प्यायलो नाही एवढंच. काय लिहू? परवा छापायला जाणार आहे.

सुहास_वि:
स्वातंत्र्यच योग्य. स्व + तंत्र. पिणारा बाटलीच्या तंत्राने चालतो म्हणून तो परतंत्र. मुक्ती शब्दात मोक्ष डोकावतो. बाकी 'व्यसन'ही मुळात फक्त नशेचा शब्द नाही, संस्कृतात संकट असाही अर्थ आहे, आणि मनुस्मृतीत राजाची १८ व्यसनं दिलीत त्यात मद्याबरोबर शिकार, जुगार आणि दिवसा झोपणंसुद्धा आहे.

नांदेडकर:
सर आमच्याकडं स्वातंत्र्य कुणी म्हणत नाही. 'त्यानं माळ घातली' म्हणतात, विषय संपला. गळ्यात तुळशीची माळ दिसली की लग्नात सुद्धा कुणी ग्लास पुढं करत नाही, आग्रहच बंद होतो. माझ्या मामाला त्या माळेनंच तारलं.

आजचा_दिवस:
मी स्वतः सोबर आहे म्हणून लिहितो. पिताना मी दारू दर सोमवारी सोडायचो. 'सोडली' म्हणजे मी केलं, त्यात माझी ऐट होती. 'सुटली' जास्त खरं वाटतं, पण मिटिंगमधे कुणी 'सुटली' म्हटलं की जुने मेंबर त्याच्या तोंडाकडे बघतात, कारण सुटली म्हणणाराच कधीतरी एक घेऊन बघतो आणि परत चपटीवर येतो. फ्रीडम म्हणजे काय विचाराल तर, सकाळी हात इतके थरथरायचे की कप बशीवर वाजायचा, बायको समोर असली तर मी चहा घ्यायचोच नाही. आता एका हातात कप आणि दुसऱ्यात पेपर. याला मी 'मोकळं झालो' म्हणेन. पगाराच्या दिवशी बारवरचा रस्ता अजून टाळतो, तरीपण मोकळंच म्हणेन.

सुहास_वि:
'मोकळा' छानच, तोही 'मुक्त'च्याच घराण्यातला. पण 'सोबर' कशाला? 'मद्यमुक्त' म्हणा ना.

आजचा_दिवस:
मद्यमुक्त गाव असतं सर, माणूस सोबर असतो. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांचा गट, अमेरिकेत १९३५ ला सुरू झालं, त्यांच्याबरोबर सोबर, स्लिप, शेअरिंग हे शब्द आले आणि आमच्यातला रिक्षावाला पण तेच बोलतो. शुद्ध शब्द शोधत बसलो असतो तर मिटिंगमधे तोंड उघडलं नसतं.

वैशाली_को:
घरच्यांसाठी कुठला शब्द आहे ते पण सांगा कुणीतरी. ह्यांची बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण दार उघडलं की मी अजून आधी वास घेते, मग हसते. त्यांना ते कळतं आणि ते काही बोलत नाहीत. त्यांची सुटली पण माझी कुठे सुटली. 'सुटका' म्हणवत नाही मला.

मेघना_ठाणे:
वैशालीताई, हे पत्रकात घालू का? नाव न देता.

वैशाली_को:
घाल गं. बायकांनी वाचायला हवं.

नांदेडकर:
पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, नावातच मुक्त आहे, तिथं कुणाला मोक्ष आठवत नाही. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द आहे, ठेवा की मुक्ती.

सुहास_वि:
संस्थेचं नाव वेगळं, अवस्थेचं वेगळं. आणि फारसीत 'दारू' म्हणजे औषध, हे लक्षात घेतलं तर दारूमुक्ती हा शब्दच विचित्र.

गडचिरोली_वाली:
औषध कसलं, आम्ही घरं बसलेली बघितलीत. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, बंदी आणि मुक्ती यातला फरक आम्हाला विचारा. बंदी सरकार करतं, दुकान जातं, पण तलफ घरातच राहते, म्हणून तर बंदी असूनही नंतर 'मुक्तिपथ' हे व्यसनमुक्तीचं अभियान काढावं लागलं.

नांदेडकर:
पण ताई, बाकी जिल्ह्यात बायका आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद करतात ती बंदी सरकारची कशी? ती बायकांचीच म्हणायची.

गडचिरोली_वाली:
मत बायकांचं, हुकूम कलेक्टरचा. आणि तुमच्याकडे 'बाटली आडवी केली' म्हणतात की 'आडवी झाली'?