मदत हवी आहे : पित्ताशय काढल्यावर 4 वर्षांनी पू

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूर तालुक्यातले. आईचं पित्ताशय 4 वर्षांपूर्वी दुर्बिणीतून काढलं. आता महिनाभर संध्याकाळी ताप येतोय, उजव्या कुशीत ठणकतंय. आम्ही मलेरिया-टायफॉईडच तपासत बसलो! सीटी स्कॅनमध्ये यकृताखाली पू आणि त्यात खडे दिसले. ऑपरेशनवेळी पित्ताची पिशवी फुटून त्यातले खडे पोटात सांडले तर क्वचित वर्षांनंतरही असं होतं म्हणे. नुसता पू काढून भागत नाही, खडे राहिले तर पुन्हा भरतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापुरात अशी केस कुणी हाताळली आहे का? सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू आहे, त्यासाठी कागदपत्रं कुठली लागली? आई जेवतही नाही हो, लवकर कळवा.