खासबागेतील प्रेक्षकांच्या निगेटिव्हचा काळ ठरवण्यासाठी मदत हवी आहे

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील कुस्तीशौकिनांच्या काही कृष्णधवल निगेटिव्ह माझ्याकडे आल्या आहेत. त्यांत पैलवान जवळजवळ नाहीतच. उतारावर दाटीवाटीने बसलेले फेटे-टोप्यांचे प्रेक्षक आहेत, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोल त्यातच आहे. फिल्मच्या काठावर ‘ऑर्वो’ असे पूर्व जर्मन फिल्मचे नाव छापलेले असून ते नाव १९६४ मध्ये रूढ झाल्याने छायाचित्रे त्यानंतरची ठरतात. मात्र अलीकडची मर्यादा सापडत नाही. पाकिटांवर नोंद नाही, छायाचित्रकार हयात नाहीत, आणि एका चित्रातील कुस्त्यांच्या जाहिरातीवरची तारीख स्कॅन मोठा करूनही वाचता येत नाही. फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागल्याने, म्हणजेच ती खराब होऊ लागल्याने, ती कोठे पाठवता येणार नाही, स्कॅन मात्र दाखवता येतील. प्रेक्षकांचा पेहराव, खांबांवरचे कर्णे किंवा मैदानाच्या बांधकामातील बदल यांपैकी कशावरून दशक खात्रीने ठरवता येईल?