चर्चमधल्या संडासावरून खून? इंग्रजी पाद्री-डिटेक्टिव्हबद्दल प्रश्न

सदाशिवपेठी
रिचर्ड कोल्स यांची 'मर्डर बिफोर इव्हनसाँग' (२०२२) ही रहस्यकादंबरी वाचतोय. १९८८ सालचं चॅम्प्टन गाव. तिथला रेक्टर, म्हणजे गावचा पाद्री, डॅनियल क्लेमेंट चर्चमध्ये संडास बांधायचा म्हणतो आणि गावात उभी फूट. मग चर्चमध्ये मुडदा, मानेत झाडं छाटायची कात्री. खून समजू शकतो, पण संडासावरून एवढं रणकंदन? आणि पोलीस असताना पाद्री कशाला हवा?

वसईची_मावशी
मी वसईची, कॅथलिक. लेकीकडे नॉर्थॅम्प्टनशरच्या एका खेड्यात राहते. कोल्स याच भागात, फाइनडनला, २०११ ते २०२२ व्हिकार होते, म्हणजे गावचे पाद्रीच. त्यांनी हे मनचं लिहिलेलं नाही हो!

आमच्या इथे मागचे दोन बाक काढून संडास नि चहाचा ओटा करायचा होता. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये असे बाक काढायचे तर 'फॅकल्टी' लागते, म्हणजे धर्मप्रांताच्या न्यायालयाची परवानगी. दाराला नोटीस लागली आणि बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. एक म्हातारी म्हणाली, "माझा नवरा याच बाकावर बसायचा." मागून दुसरी, "बसायचा कसला, घोरायचा." आपल्याकडे बांधावरून कोर्टात जातात ना, तसंच.

आता पाद्री का. घरात कुणी गेलं की व्हिकार येतो, अंत्यविधीला काय बोलायचं ते विचारायला. चहा होतो, जुने फोटो निघतात, मग वाटणीचा विषय निघतो. कोण रडत नाही तेही दिसतं. पोलिसाला दार उघडताना माणूस आधी चेहरा सारखा करतो.

रहस्यवेडा
शिवाय कन्फेशन, पाद्र्यापुढे पापांची कबुली. गुन्हेगार आपणहून येऊन सांगणार!

वसईची_मावशी
उलट तिथेच हात बांधले जातात. ऐकलेलं फोडलं तर कॅथलिक फादर थेट बहिष्कृत. पण इतकी वर्षं ऐकून माणूस कळतो. इंग्रजी लेखक चेस्टरटन यांच्या कथांमधला पाद्री-डिटेक्टिव्ह फादर ब्राउन, त्याचं मूळ यॉर्कशरचे फादर जॉन ओ'कॉनर. जगातली घाण त्यांना किती ठाऊक आहे हे पाहून चेस्टरटन हबकले. त्याच दिवशी केंब्रिजचे दोन विद्यार्थी म्हणाले, या पाद्र्यांना खऱ्या जगातलं काय कळतंय! चेस्टरटन यांना हसू आवरेना. पहिली कथा १९१० ची.

सदाशिवपेठी
पटलं. मग आजच्या काळातला रेक्टर का नाही घेतला?

वसईची_मावशी
माझा अंदाज सांगते. आमच्या व्हिकारबाईंकडे पाच गावं आहेत, इथे महिन्यातून दोनच रविवार. रविवारी रात्री खून झाला तर त्यांना बुधवारी कळेल. आणि १९८८ ला चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाई व्हिकार नव्हतीच, बायकांना पाद्री म्हणून दीक्षा १९९४ पासून.

रहस्यवेडा
मावशी, संडास झाला का शेवटी?

वसईची_मावशी
झाला. आतली कडी नीट लागत नाही. त्यावर आता समिती बसली आहे.